शेरखान, नाना आणि आमची वैनगंगा

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या चार जणांना एकत्र बसवा आणि दूरदर्शनचा विषय काढा, दोन मिनिटांत गाडी जंगल बुक या कार्टूनवर येते. आली की कोणीतरी ते चड्डीवाल्या फुलाचं गाणं सुरू करतंच आणि मग सगळेच गातात, एरवी चारचौघांत तोंड उघडायला लाजणारे पण गातात. मला पण ते गाणं जाम आवडतं, पण आज गाण्यापेक्षा वेगळं काहीतरी लिहायचंय, खूप वर्षं डोक्यात आहे. ते असं की त्यातल्या मोगलीचं, लांडग्यांनी वाढवलेल्या त्या पोराचं, जंगल आमचं होतं. अगदी नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल इतकं आमचं होतं, आणि दर रविवारी तोंडाचा आ करून ते बघत होतो तेव्हा आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

मी भंडारा जिल्ह्यातली. आमचं गाव पवनी, वैनगंगेच्या काठावरचं, घाट आणि देवळं इतकी की लोक विदर्भाची काशी म्हणतात. उन्हाळ्यात नदीचं पाणी खाली गेलं की वाळूत डांगरवाड्या लागायच्या, आम्ही संध्याकाळी तिकडे जायचो, पाय भाजायचे, पण टरबूज खायला मिळायचं म्हणून जायचोच. नदी आमच्यासाठी रोजची गोष्ट, तिच्याकडे कोण कशाला मुद्दाम बघतंय. आणि ती येते कुठून तर मध्य प्रदेशातून, एवढंच भूगोलाच्या पुस्तकात होतं. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ ती उगम पावते, हे फार नंतर कळलं. आणि ज्या टेकड्यांमध्ये मोगली लांडग्यांच्या गुहेत शिरला त्या याच सिवनीच्या टेकड्या, मूळ जंगल बुक लिहिणाऱ्या किपलिंगनं पुस्तकात नाव घेऊन लिहिलेल्या, आणि मोगली ज्या नदीत डुंबतो, जिच्या काठावर अर्ध्या गोष्टी घडतात ती नदी वैनगंगा. पुस्तकात स्पष्ट नाव आहे. मला कॉलेजला असताना नागपूरच्या एका लायब्ररीत हे वाचल्यावर इतकं हलल्यासारखं झालं की तिथल्या तिथे दादाला फोन करावासा वाटला, पण मोबाईल नव्हता, मग संध्याकाळी एसटीडी बूथवरून केला आणि तो पहिल्यांदा विचारतो काय, कोणाची तब्येत बिघडली का.

तर जंगल बुक. ते आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलं, रविवारी सकाळी लागायचं. आधी रंगोली, आईची गाणी, ती संपेपर्यंत आमची अंघोळ उरकलेली पाहिजे हा घरातला नियम. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरवाला. अँटेना गच्चीवर, आणि जरा वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग दादा वर, मी दारात, आई टीव्हीसमोर, आणि "आलं का?" "नाही, थोडं डावीकडे!" "आता?" "गेलं गेलं, होतं तसं ठेव!" अशी साखळी चालायची. लाईट गेली तर विषयच संपला. पुन्हा बघायची काही सोयच नव्हती, एपिसोड चुकला म्हणजे चुकला, मग सोमवारी शाळेत ज्याच्याकडे लाईट होती तो पोट्टा राजा, तो सांगेल तशी स्टोरी, आणि तो आपल्या मनाचं काय काय घालून सांगायचा ते तोच जाणे. माझ्या डोक्यात आजही दोन तीन प्रसंग असे आहेत जे मी टीव्हीवर पाहिलेच नाहीयेत, वर्गातल्या एका मुलाच्या तोंडून ऐकलेत, आणि तरी मला ते चित्रासकट आठवतात.

ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीमुळे काय व्हायचं ते आता रंगीत बघणाऱ्यांना सांगून पटणार नाही. रात्रीचा सीन असला की बघीरा गायब. काळा बिबट, काळी रात्र, पडद्यावर नुसते दोन डोळे आणि आवाज. आम्हाला वाटायचं हे मुद्दामच केलंय, बघीरा असाच असतो, न दिसणारा, आणि त्यामुळे तो आम्हाला सगळ्यात भारी वाटायचा. आणि ती किची. मोगलीच्या मागे मागे फिरणारं ते छोटंसं झुपकेदार शेपटीचं पिल्लू, ते नक्की कोण यावरून आमच्या आळीत अक्षरशः भांडणं झालीत. कोणी म्हणे मांजर, कोणी म्हणे खार, आमच्या आबाजींनी एकदा चष्मा लावून नीट बघून सांगितलं की उदमांजर असेल, आणि आबाजींनी सांगितलं म्हणजे झालं, पुढची कित्येक वर्षं ती उदमांजरच. तो रेड पांडा होता. पूर्व हिमालयाकडे सापडणारा, सिक्कीम, अरुणाचल त्या बाजूला, थंडीत बांबू खाणारा. सिवनीच्या उन्हात त्याचं काही काम नाही, पण जपानी लोकांनी तो आणला आणि आम्ही त्याला आपला मानला.

हो, जपानी. हे पण खूप उशिरा कळलेलं. जंगल बुक जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं बनवलेलं, फुमिओ कुरोकावा दिग्दर्शक, एकूण ५२ भाग, तिकडे १९८९ ते १९९० मध्ये टीव्ही टोकियोवर दाखवलेलं. आपल्याकडे आलं ते हिंदी डबिंग होऊन, आणि गाणं आपलं स्वतःचं, नवीन, गुलजारनं लिहिलेलं आणि विशाल भारद्वाजनं चाल लावलेलं. विशाल भारद्वाज तेव्हा कोणाला माहीत नव्हता, माचिस यायला अजून तीन वर्षं होती. म्हणजे बघा, मुंबईत जन्मलेल्या एका इंग्रज माणसानं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून, जिथे हिवाळाभर बर्फ असतो, सिवनीच्या जंगलाची गोष्ट लिहिली, १८९४ साली पुस्तक आलं, जवळजवळ शंभर वर्षांनी टोकियोत त्याची चित्रं काढली गेली, मुंबईत त्याला हिंदी आवाज दिले गेले आणि ते सगळं फिरून पवनीत आमच्या घरी पोचलं, त्या जंगलातून निघालेल्या नदीपासून चालत पाच मिनिटांवर. मला या प्रवासाचं फार अप्रूप वाटतं. आणि किपलिंग स्वतः सिवनीला कधी गेलाच नव्हता असं जाणकार सांगतात, त्यानं स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं सिवनीवरचं पुस्तक आणि अशाच दुसऱ्यांच्या लिखाणावरून सगळं उभं केलं. न बघता इतकं बरोबर कसं लिहिलं असेल हा प्रश्न मला वाचताना दर पानाला पडायचा.

उदाहरणार्थ मोह. पुस्तकात एका वर्षी पाऊस पडत नाही आणि दुष्काळाची एक खूण काय, तर बाळूच्या आवडीचा मोह फुललाच नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ. कारण अस्वल आणि मोह हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मार्च एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं टपटप पडतात, बाया अंधारातच टोपल्या घेऊन वेचायला निघतात, आणि त्याच वेळी, त्याच झाडाखाली, त्याच फुलांसाठी अस्वल पण आलेलं असतं. दरवर्षी पेपरात बातमी असते, मोहफुलं वेचायला गेलेल्या महिलेवर अस्वलाचा हल्ला. आमच्याकडे जंगलाकडच्या गावातून एक मावशी यायची, मोह, चारोळी, कधी मध घेऊन, आई तिला चहा द्यायची. एका रविवारी ती आली तेव्हा आमचं जंगल बुक सुरू होतं. ती उंबरठ्यावर टेकली, पदरानं घाम पुसत बघत बसली. पडद्यावर बाळू मोगलीला काहीतरी शिकवून राहिला होता, मऊ मऊ आवाजात, आणि मोगली त्याच्या पोटावर डोकं टेकून. मावशीनं बराच वेळ बघितलं आणि आईला म्हणाली, "हे अस्वल लय शहाणं हाय वो बाई. आमच्याकडचं असं नसते." मग तिनं सांगितलं की त्यांच्या गावात वाघापेक्षा अस्वलाला लोक जास्त भितात. वाघ माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो, अस्वल नाही होत, त्याला नीट दिसत नाही, दचकतं, आणि दचकलं की सरळ दोन पायावर उभं राहून तोंडावर येतं. हे सांगताना तिनं उठून, हात वर करून करून दाखवलं, नखांसकट. आम्ही दोघं भावंडं भिंतीला चिकटलो.

त्या दिवसानंतर बाळू आवडायचा बंद झाला का, तर अजिबात नाही. उलट जास्त आवडायला लागला. डोक्यात दोन्ही अस्वलं राहायला आली, एक मोगलीचं आणि एक मावशीचं, आणि दोघांमध्ये काही भांडण नव्हतं. मला वाटतं लहान मुलांना हे मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. आणि हेही वाटतं की ज्यांनी जंगल फक्त टीव्हीवर पाहिलं त्यांच्यापेक्षा आमचं नशीब चांगलं होतं, आमच्याकडे तपासून बघायला खरं जंगल दाराशी होतं, आणि तपासून सांगणारी माणसं चहाला घरी येत होती.

आता शेरखान. शेरखानबद्दल मी किती लिहू आणि किती नको. नाना पाटेकर. त्या काळात नाना म्हणजे काय होता ते आठवा, प्रहार येऊन गेलेला, तिरंगा त्याच वर्षीचा, क्रांतिवीर पुढच्या वर्षी आला. आणि हा माणूस लहान मुलांच्या कार्टूनमधल्या वाघाला आवाज देतो, आणि कसा देतो! बाकी कार्टूनमधले व्हिलन ओरडायचे, हसायचे, हातवारे करायचे. शेरखान बोलायचा. हळू बोलायचा, वाक्याच्या मध्येच थांबायचा, आणि त्या थांबण्यात आमचा जीव वर खाली व्हायचा. नानाचं ते दात आवळून शब्द सोडणं, एखादं अक्षर जरा जास्त वेळ तोंडात धरणं, ते वाघाच्या तोंडात इतकं चपखल बसलं की आजही मला जंगलात वाघाचं नाव निघालं की तोच आवाज येतो. आबाजींना कार्टूनमध्ये शून्य इंटरेस्ट होता पण शेरखानचा सीन लागला की ते पेपर खाली करायचे. "हा आपला मुरुडचा पोरगा" म्हणायचे, जसं काय नाना आमच्या नात्यातला. मोगलीच्या आवाजाबद्दल, बघीराच्या आवाजाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण शेरखानचा आवाज मराठी घरांमध्ये वेगळ्याच कौतुकानं ऐकला गेला हे मी खात्रीनं सांगते, आपला माणूस बोलतोय हा अभिमान होता त्यात.

आणि गंमत अशी की शेरखान व्हिलन असून आमच्याकडे कोणाला वाघाचा राग आला नाही. खेळताना सगळ्यांना शेरखानच व्हायचं असायचं, मोगली व्हायला पोरं तयार नसायची, मग चिठ्ठ्या टाकायला लागायच्या. दादानं सुताराकडून फळीचा एक वाकडा तुकडा आणून त्याचा बुमरँग बनवला होता, मोगलीकडे असतो ना तसा, कानशीनं घासून घासून गुळगुळीत केला, कडेला लाल ऑइलपेंट मारला. बुमरँग पण तसा ऑस्ट्रेलियाचा, रेड पांडासारखाच पाहुणा. तो परत यायचा नाही. तो परत यायला त्याच्या दोन्ही हातांना विमानाच्या पंखासारखा आकार लागतो, एक बाजू फुगीर, एक सपाट, आणि फिरत फिरत जाताना वरच्या बाजूचा हात खालच्यापेक्षा जास्त वेगानं हवा कापतो म्हणून तो हळूहळू वळतो, हे दादानंच पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मला कागदावर काढून समजावलं. तेव्हा मात्र आम्ही तो फेकायचो, आणि ज्याची पाळी असेल तो धावत जाऊन आणायचा, आणि खेळ मस्त चालायचा.

जंगल बुकच्या कथेत मला एक गोष्ट फार लागायची, ती म्हणजे माणसांचं गाव. जसजसे भाग पुढे गेले तसतसा मोगली माणसांकडे ओढला जायला लागला आणि मला ते सहनच व्हायचं नाही. कशाला जातो हा तिकडे, काय आहे तिथे, इतकं छान जंगल आहे, आई आहे, भाऊ आहेत. मोगलीची लांडगीण आई, तिचं ते त्याच्याकडे बघणं, बाकीच्या कळपासमोर त्याच्यासाठी उभं राहणं, ते मला नानाच्या शेरखानइतकंच आठवतं. लांडग्यांच्या सभेचे सीन तर काय सांगू, वर खडकावर त्यांचा म्होरक्या अकेला, खाली सगळा कळप, आणि निर्णय व्हायचा की या माणसाच्या पिल्लाला ठेवायचं की नाही. आमच्या वर्गात मॉनिटर निवडताना पण आम्ही तसंच गोल बसायचो.

मोठी झाल्यावर वन्यजीवांबद्दल थोडंफार वाचायला लागले तेव्हा कळलं की लांडगा तसा घनदाट जंगलातला प्राणी नाही. महाराष्ट्रात लांडगे बघायचे तर सोलापूरकडे जा, पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर जा, मेंढ्यांच्या कळपांच्या आसपास. आमच्याकडच्या दाट जंगलात कळपानं राहणारा, कळपानं शिकार करणारा खरा हिरो म्हणजे रानकुत्रा. तांबडा, कोल्ह्याएवढा दिसणारा पण जरा मोठा, काळी झुपकेदार शेपटी, भुंकत नाही, शीळ घातल्यासारखा आवाज काढतो. आणि पिल्लांसाठी हे लोक जे करतात ते ऐकून मी चाटच पडले, शिकारीवरून आलेले मोठे पोटातलं मांस परत काढून पिल्लांना आणि मागे थांबलेल्या राखणदाराला भरवतात, म्हणजे पिल्लं सगळ्या कळपाची. किपलिंगनं त्यांना व्हिलन केलंय, दख्खनकडून आलेली टोळधाड म्हणून दाखवलंय, पण मोगलीला वाढवायला आमच्या जंगलात कोण पुढे आलं असतं विचाराल तर मी रानकुत्र्यांचं नाव घेईन.

आणि काळा बिबट खरंच असतो. बघीरा ही काही वेगळी जात नाही, आपला साधा बिबटच, फक्त अंगात काळा रंग जास्त, आणि ऊन पडलं की त्या काळ्यावर पण ठिपके दिसतात, कापडावर कापडाच्याच रंगाच्या धाग्यानं केलेल्या भरतकामासारखे. किपलिंगनं हे ठिपक्यांचं पण लिहून ठेवलंय. ताडोब्यात काळा बिबट दिसल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर दुसरं काही चाललंच नाही, सगळे चाळिशीकडे झुकलेले लोक, कोणी बँकेत, कोणी शेती बघतो, कोणी मास्तर, आणि सगळ्यांचा मेसेज एकच, बघीरा सापडला.

मध्ये लॉकडाऊनमध्ये मी यूट्यूबवर जंगल बुकचे भाग परत बघायला घेतले. पहिल्यांदा रंगीत. आणि मला धक्का बसला तो बॅकग्राउंडचा. लहानपणी करड्या रंगात काही कळलंच नव्हतं. ते सगळं हातानं रंगवलेलं आहे, झाडांच्या सालीवरचं शेवाळ, दुपारच्या उन्हात पिवळं पडलेलं गवत, संध्याकाळचं आभाळ, एकेक बॅकग्राउंड थांबवून बघावं असं. तेव्हा हे काम कॉम्प्युटरवर होत नव्हतं, पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रं काढायची, मागच्या बाजूनं रंगवायची, ती रंगवलेल्या बॅकग्राउंडवर ठेवायची आणि एक फोटो. परत दुसरं चित्र, परत फोटो. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण टीव्हीच्या बजेटमध्ये तेवढी चित्रं काढणं कोणाला परवडणार, म्हणून एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. त्यामुळेच ते मोगलीचं उडी मारताना हवेत क्षणभर थांबल्यासारखं दिसणं, आणि पळतानाचे तेच तेच पाय. लहानपणी हे खटकलं नव्हतं, आणि आता तर मला ते थांबणंच सगळ्यात जास्त आवडतं. आताच्या कार्टूनमध्ये सगळं सतत हलत असतं, डोळ्याला टेकायला जागाच नाही. जंगल बुकमध्ये एखादं चित्र थांबायचं आणि मागे फक्त रातकिड्यांचा आवाज, आणि आपण त्या चित्रात शिरायचो.

जपानी आवाजातला एक भाग पण मिळाला, तोही बघितला. उत्तम असेल, मला भाषा येत नाही, पण शेरखान बोलायला लागला आणि मी बंदच केलं. दुसऱ्या कोणाच्या आवाजातला शेरखान मला चालणारच नाही, याला काही इलाज नाही. म्हणूनच २०१६ मध्ये तो डिस्नेचा मोठा सिनेमा आला आणि हिंदीत शेरखानला परत नानानंच आवाज दिला तेव्हा मी नागपूरला पहिल्या आठवड्यातच जाऊन बघितला. ओम पुरी बघीरा, इरफान बाळू, तिघांचे आवाज एका सिनेमात, आणि त्यातले दोघं आज नाहीत. थिएटरात नानाचं पहिलं वाक्य आलं आणि माझ्या मागच्या रांगेतल्या एका माणसानं अगदी मोठ्यानं "आला!" म्हटलं आणि कोणी त्याला गप्प केलं नाही, कारण सगळेच त्याचीच वाट बघत होते.

त्याच महिन्यात, एप्रिल २०१६ मध्ये, आमच्या उमरेड पवनी कऱ्हांडला अभयारण्यातला जय बेपत्ता झाला. जय म्हणजे नागझिऱ्यातून शंभराहून जास्त किलोमीटर चालत, शेतं, गावं, रस्ते, नदी ओलांडत आमच्याकडे आलेला वाघ, अवाढव्य, लोक लांबून लांबून त्याला बघायला यायचे. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, तिचे सिग्नल यायचे थांबले आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. गावात पानठेल्यावर, एसटी स्टँडवर, देवळात, सगळीकडे महिनोन्‌महिने एकच विषय. आमच्या शेजारच्या काकूंनी तर नवस बोलला होता तो सापडावा म्हणून. एका वाघासाठी नवस! आणि मला तेव्हा राहून राहून वाटायचं की आमची पिढी वाघाच्या बाजूनं इतकी ठामपणे उभी राहते त्यात त्या रविवारच्या सकाळींचा वाटा आहे. शेरखान वाईट होता, मोगलीला खायला निघाला होता, सगळं मान्य, पण आम्ही त्याला वर्षभर घरात घेतलं होतं, त्याचा आवाज ओळखत होतो, आणि ज्याचा आवाज ओळखीचा झाला तो मेला तर चालेल असं म्हणवत नाही. वाघ शेतात आला की काय होतं हे शेतकऱ्याला विचारा, ती बाजू खरी आहे आणि जड आहे, ती मी नाकारत नाहीये, आमच्याच नात्यातल्या एकाच्या दोन गायी गेल्यात. तरी त्यानं पण जयचा फोटो मोबाईलवर ठेवला होता.

मागच्या हिवाळ्यात दादाच्या मुलाला घेऊन आम्ही पेंचला गेलो, मध्य प्रदेशच्या बाजूनं, तुरिया गेट. नागपूरहून सिवनीकडे जाणारा हायवे जंगलातूनच जातो आणि तिथे रस्ता खांबांवर उचललाय, खालून प्राण्यांना जायला मोकळी जागा ठेवलीय, वरून ट्रक धावतात आणि खालून चितळ, रानकुत्रे, वाघसुद्धा जातात, कॅमेऱ्यात टिपलेत. पुतण्या खिडकीला नाक लावून खाली बघत होता, काही दिसलं नाही, पण त्याची आशा काही संपेना. तुरियाला पोचलो तर जिकडेतिकडे मोगलीचं नाव लावलेल्या पाट्या. पुतण्यानं जंगल बुक पाहिलंय, मी दाखवलंय, आधी कंटाळेल वाटलं होतं पण एका बैठकीत चार भाग बघितले त्यानं. त्याला पण शेरखानच आवडतो.

सकाळच्या सफारीत वाघ दिसला नाही. गाईडनं पाण्याजवळ पगमार्क दाखवले, ताजे, कडा पण ढासळल्या नव्हत्या. पुढे एका वळणावर रानकुत्रे, चांगले सात आठ, रस्त्यातच बसलेले, एक उभा राहून आमच्याकडे बघत होता आणि बाकीचे निवांत. पुतण्या कुजबुजत म्हणाला, आत्या, तो उभा आहे ना तो अकेला. मी म्हटलं हो. दादानं लगेच दुरुस्ती करायला तोंड उघडलं की बेटा हे लांडगे नाहीत, आणि मी त्याला कोपर मारलं, म्हटलं परत जाताना सांग, आता बघू दे. गाईड मात्र ऐकत होता, तिथलाच गोंड मुलगा, पंचविशीचा असेल, तो वळून हसला आणि म्हणाला इकडे सगळेच येऊन हेच विचारतात, अकेला कुठे, बघीरा कुठे, आणि मग त्यानं पुतण्याला रानकुत्र्यांचं सगळं सांगितलं, पिल्लांना कसं भरवतात, शीळ कशी घालतात, शीळ वाजवून पण दाखवली. तो उभा असलेला रानकुत्रा कान टवकारून बघायला लागला.

वैनगंगेचा उगम मात्र राहिला. मुंडारा तिथून जवळ नाही, वेळ नव्हता, पुतण्याची शाळा होती. दादा म्हणतोय पावसाळा संपला की जाऊ, ऑक्टोबरात, आईला पण घेऊन, तिनं आयुष्यभर नदी पवनीत पाहिली, वर कशी आहे ते तिलाही बघायचंय. पुतण्याचे जंगल बुकचे अजून तीसेक भाग बाकी आहेत, तोवर ते संपवायचे असं आमचं ठरलंय.